आजीच्या गोष्टीचा माग

कथेचे नाव आठवत नव्हते, लेखक आठवत नव्हता, आणि ती स्वतः वाचली होती की मावशीने वाचून दाखवली होती, हेही नक्की सांगता येत नव्हते. एक म्हातारी आजी मुलांना लांबलचक गोष्ट सांगते, गोष्ट संपल्यावर दमल्याचे सांगून खुर्चीत मान मागे टेकते आणि झोपेतच जाते. तिच्या जाड पुस्तकात एक वाळलेले फूल असते. एवढेच काय ते आठवत होते. सासूबाई गेल्या तेव्हा लहान मुलीला त्यांचे अंत्यदर्शन घेऊ द्यावे की नाही, यावरून घरात बराच खल झाला आणि ती गोष्ट पुन्हा मनात घोळू लागली, कारण तिच्यातली मुले आजीच्या कलेवराला घाबरत नाहीत, असे पुसटसे स्मरत होते.

सुरुवात अर्थातच मराठीपासून केली. बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक, अगदी 1971 पासूनचे, संकेतस्थळावर वाचायला मिळतात, त्यांच्या अनुक्रमणिका चाळण्यात कित्येक संध्याकाळी गेल्या. ‘आजीचा शांत मृत्यू’ असे शब्द घालून इंटरनेटवर शोधले, तर श्रद्धांजलीचे मजकूर तेवढे समोर आले. कथेचा आशय सांगून कथा सापडत नाही, हे तेव्हा लक्षात आले. मग वस्तूंकडे वळले. आपल्याकडची जुन्या गोष्टीतली आजी पाटावर, झोपाळ्यावर किंवा ओसरीवर बसते. ही आजी खुर्चीत बसत होती, त्यामुळे कथा युरोपातून आलेली असावी, असा तर्क केला.

ग्रंथालयातल्या बाईंनी वर्णन ऐकताच हान्स ख्रिस्तियन अँडरसनची ‘आगकाड्या विकणारी मुलगी’ ही कथा सुचवली. त्या कथेत आजी आहे खरी, पण ती आधीच वारलेली असून काडीच्या उजेडात दिसते, आणि वर्षाच्या शेवटच्या रात्री थंडीने मरते ती नात. कथा ही नव्हती, पण लेखकाचे नाव मिळाले. डेन्मार्कमधल्या ओडेन्स या त्याच्या जन्मगावच्या विद्यापीठातील अँडरसन केंद्राच्या संकेतस्थळावर जाँ हर्शोल्ट यांचे इंग्रजी अनुवाद आहेत. त्या यादीतून खाली उतरता उतरता ‘आजी’ एवढ्याच अर्थाच्या शीर्षकाची, 1845 सालची एक छोटीशी कथा दिसली.

फूल गुलाबाचे होते, आणि पुस्तक चांदीच्या कड्यांचे, स्तोत्रांचे. इतर फुले सुंदर असूनही आजी या चपट्या, वाळक्या गुलाबाकडेच हसून पाहते आणि तिच्या डोळ्यांत पाणी येते. तो देणारा देखणा तरुण कधीच नाहीसा झालेला असतो. हा भाग मला मुळीच आठवत नव्हता. मुले घाबरत नाहीत, हे मात्र तिथे स्पष्ट लिहिलेले आहे: चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेलेल्या, ओठांवर हसू, आणि आजीच्याच इच्छेप्रमाणे गुलाबासकट ते पुस्तक शवपेटीत तिच्या डोक्याखाली ठेवलेले.

धाकट्या बहिणीला कथा पाठवली. तिच्या मते यात शोधण्यासारखे काहीच नव्हते, तिला ती पहिल्यापासून ठाऊक होती. फक्त तिला खुर्ची, पुस्तक, फूल यांपैकी काही आठवत नव्हते, आजीच्या जड रेशमी कपड्यांची सळसळ तेवढी आठवत होती. कथेत तीही आहे.