पीएच वर आला, मासे शाबूत: डिचोलीहून पावसाळी अपडेट

माझ्या अ‍ॅक्वापोनिक्समध्ये (माशांच्या टाकीचं पाणी झाडांच्या वाफ्यांतून फिरवून दोन्ही वाढवायची पद्धत) काल संध्याकाळी अमोनिया तपासायची नळी एकदाची पिवळी निघाली, म्हणजे अमोनिया जवळपास संपला. पीएच 6.6. गेल्या अपडेटच्या वेळी पीएच 6 वर घसरला होता, अमोनिया 4 पीपीएम. तेव्हा बऱ्याच जणांचा सल्ला होता, मूठभर चुना टाक आणि मोकळा हो. टाकला नाही, तेच बरं झालं.

पीएच 6 ला जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, माशांना फारसा बाधत नाही. माझे तिलापिया फक्त खाण्यावर रुसले होते. त्याच पाण्याचा पीएच एका दमात 7.5 वर नेला असता, तर विषारी अमोनिया तीसेक पट झाला असता. अमोनियाचं नायट्रेट करणारे, आंबट पाण्यात सुस्तावलेले बॅक्टेरिया जागे होण्याआधी मासे उताणे.

खरं दुखणं केएचचं, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-अल्कतेचं; ती संपली की पीएच घसरतो. 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना साधारण 7 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता खर्ची पडते. ती भरून काढणार कोण? आपलं विहिरीचं पाणी जांभ्यातलं, मऊ नि मुळातच आंबटसर. वर झाडांच्या उघड्या बेडांवर आषाढ कोसळतोय. बाहेरचे व्हिडिओ बघावेत तर ते पीएच खाली कसा आणायचा तेच शिकवतात. गोव्यात रड नेमकी उलटी. केएच तपासला तर पहिल्याच थेंबाला रंग पालटला, म्हणजे केएच जेमतेम. तपासायची कागदी पट्टी मात्र त्याच पाण्याला 3 दाखवत होती. पट्ट्यांवर पैसे घालवू नका, थेंबांचं किट घ्या. धंदा म्हणून उतरू पाहणाऱ्यांनी तर शेड बांधण्याआधी हा हिशेब मांडावा.

आधी खाद्य बंद केलं. मग संपमधली (पाणी जमा होतं त्या तळटाकीतली) केएचसाठी ठेवलेली तिसऱ्यांच्या शिंपल्यांची पिशवी उघडली, तर प्रत्येक शिंपल्यावर बुळबुळीत थर. विरघळणार काय कपाळ! घासून धुतली, जाडसर ठेचली आणि बेल सायफनच्या (बेड भरला की तो आपोआप रिकामा करणाऱ्या नळीच्या) तोंडाखाली टांगली. तिथे दर फेरीला पाणी आदळतं. जोडीला चिमूट चिमूट पोटॅशियम बायकार्बोनेट, दिवसाला 0.2 च्या वर पीएच हलू द्यायचा नाही. खायचा सोडा स्वस्त खरा, पण सोडियम साठत जातं. पोटॅशियम झाडांना हवंच असतं. फक्त ते चांगलं मिळायला हवं. मी मागवलेली पुडी दमट, आत एकच गड्डा, आणि वर दुकानदाराचं उत्तर, "पावसाळा आहे, साहेब."

या सगळ्यात सात शिरांची भेंडी मात्र मजेत. उतरलेल्या पीएचला लोह सुटं राहिलं, कोवळ्या पानांचा पिवळेपणा गेला, पहिली भेंडी चांगली वीतभर. चवथीच्या जेवणाला घरचीच असेल असं दिसतंय.

बेडांवर पारदर्शक पत्रे घालायचे ठरले आहेत. पण आता लिहिता लिहिता वाटतंय, आधी शिंपल्यांसाठी 4 इंची पीव्हीसीचा उभा नळ करावा. पाणी तळातून वर, टोपी काढली की शिंपली धुवायला बाहेर. पीएच 7 च्या पुढे गेला की ती तशीही मंद विरघळतात, म्हणजे अति होण्याची भीती नाही. पत्रे पुढच्या महिन्यावर गेले.

असा अपफ्लो कुणाकडे चालू आहे का? तळाला जाळी किती एमएमची लावलीत ते सांगा. माझ्याकडे डासांची जाळी पडून आहे, पण ती शिंपल्यांच्या चुऱ्यानं तुंबेल असं वाटतंय.