सर्व्हायव्हल शिकवणाऱ्यांवर विश्वास कसा ठेवायचा, माझा अनुभव

भाची अकरावीला गेली आणि हट्टालाच पेटली, सुट्टीत सर्व्हायव्हल कॅम्प, म्हणजे रानात तग धरायला शिकवणारं शिबिर, करायचाच म्हणून, आणि मी दहाएक वर्षं सह्याद्रीत फिरतोय त्यामुळे ताईने कॅम्प शोधायची जबाबदारी माझ्यावर टाकली. एका संध्याकाळी उरकेल वाटलेलं, दीड महिना गेला.

आधी नुसते व्हिडिओ बघितले. चकमकीची आग, बांबूतला भात, एका चाकूवर उभी केलेली झोपडी, सगळं भारी दिसतं आणि तिथेच फसायला होतं, कारण ती आग कितव्या प्रयत्नाला पेटली ते कोणी दाखवत नाही. रानावनात एकट्याने तग धरून दाखवणारा बेअर ग्रिल्स आम्ही डिस्कव्हरीवर हिंदीत बघत मोठे झालो. माणूस ब्रिटिश लष्कराच्या एसएएस ह्या खास दलाच्या राखीव तुकडीत होता हे खरं, पण २००७ मध्ये बाहेर आलं की शूटिंगच्या काही रात्री तो लॉजवर झोपलेला, आणि मग कार्यक्रमाला तशी सूचना जोडावी लागली. उलट असाच कार्यक्रम करणारा कॅनडाचा लेस स्ट्राउड, सात-सात दिवस एकटा, कॅमेरे स्वतःच लावायचा, आणि आग नाही पेटली तर नाही पेटली हेही दाखवायचा. माझा त्याच्यावर जास्त विश्वास आहे तो ह्याच कारणाने.

मग ठरवलं की चाकू आणि आग बाजूला ठेवायची, जिथे चुकलं तर जीव जातो तेवढंच विचारायचं. साप, पाणी, रानातलं खाणं.

पहिला फोन केला त्याचे फॉलोअर लाखात. साप चावला तर काय शिकवता विचारलं, तर म्हणे ब्लेडने चीर द्यायची, रक्त पिळायचं, वर दोरी करकचून बांधायची. म्हटलं अहो घोणस असली तर? घोणशीच्या विषाने रक्त गोठायचंच बंद होतं, त्यावर चीर दिली तर ते रक्त थांबणार कसं? अंगठी-कडं काढायचं, हात-पाय हलू द्यायचा नाही आणि लवकरात लवकर दवाखाना गाठायचा, कारण नाग, मण्यार, घोणस, फुरसं ह्या चौघांच्या विषावर चालणारी लस (अँटीव्हेनम) तिथेच मिळते. ह्यावर उत्तर आलं, "आर्मीत असंच शिकवतात." कुठल्या युनिटला होता विचारल्यावर विषयच बदलला.

दुसऱ्याने निवडुंगातून पाणी काढायचं सांगितलं. हे वाळवंटातले व्हिडिओ बघून आलेलं. आपल्याकडे फड्या निवडुंग आहे खरा, पण डोंगरावर जो त्रिधारी दिसतो त्याला पांढरा चीक असतो आणि तो डोळ्यात गेला तर डोळ्याची वाट लागते. तहानलेल्या पोरांना तो फरक सांगितलाच नाही तर काय होईल, ह्या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

तिसरा माणूस प्रामाणिक होता, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स केलेला, २८ दिवसांचा. त्याबद्दल मला आदरच आहे, पण तो कोर्स कडे, बर्फ आणि दोराचा, भीमाशंकरच्या रानात कुठला कंद खायचा हे तिथे येत नाही. सर्टिफिकेट खरं असलं तरी कशाचं आहे ते बघायलाच हवं, हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या एक ताई होत्या. अळंब्यांचं विचारलं तर सरळ म्हणाल्या, "मी नाही शिकवत, दोन दिवसांत ओळखता येत नाहीत." कंदांसाठी त्या गावातल्या एका ठाकर आजोबांना बोलवतात, त्यांना मानधन देतात, आणि कडू करांदे राख घालून पुन्हापुन्हा उकडल्याशिवाय तोंडात घालायचे नाहीत हे ते आजोबाच शिकवतात. पाण्याचं विचारलं तर म्हणाल्या कोळसा-वाळूच्या फिल्टरने गाळलं तरी खळखळून उकळायचंच. मग मलाच उलट प्रश्न, भाचीला दमा आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत का, आधी रानात राहिलीय का. आधीच्या तिघांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. मी लगेच पैसे भरले.

परत आल्यावर भाचीने पहिल्यांदा आगीचं नाही सांगितलं. कॅम्पवर पोचल्या पोचल्या ताईंनी सगळ्यांना गाडीत बसवून ग्रामीण रुग्णालयापर्यंत नेऊन आणलं, लस शिल्लक आहे का ते सगळ्यांसमोर विचारलं, आणि किती मिनिटं लागली ते प्रत्येकाला वहीत लिहायला लावलं.