बोरणे घाटासाठी गाडी निवडताना: स्प्लेंडर प्लस की शाईन १००?

साताऱ्यातून बोगदा ओलांडून सज्जनगड फाट्यावरून पुढे गेले, की बोरणे घाट लागतो आणि तो चढून गेल्यावर ठोसेघरचे पठार सुरू होते. त्या पठारावरच्या एका वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या आसपास प्रवास होतो आणि त्यातला घाटाचा भाग पावसाळ्यात चांगलाच कस पाहतो. एसटीच्या वेळा आणि शाळेच्या वेळा यांचा मेळ बसत नाही, वडापची जीप भरेपर्यंत फाट्यावर ताटकळावे लागते, म्हणून गेल्या वर्षी स्वतःची गाडी घ्यायचे ठरवले. गिअरच्या गाडीचा परवाना माझ्याकडे कॉलेजपासून आहे. याच रस्त्याने जाणाऱ्या आमच्या शाळेतल्या धाकट्या बाई रोज माझ्या मागे बसणार, हेही सुरुवातीपासूनच ठरलेले होते आणि निवड करताना या गोष्टीचा मला फार विचार करावा लागला.

स्कूटर का नाही, असे घरातल्या प्रत्येकाने विचारले. शहरातल्या शहरात फिरायचे असते, तर मी स्कूटरच घेतली असती. परंतु मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की उतारावर इंजिनच तिला मागे ओढून धरते. स्कूटरला गिअर नसल्यामुळे तो आधार फार कमी मिळतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्यातच स्कूटरची चाके लहान असतात आणि आमच्या घाटात पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडा जशा उखडतात, तिथे लहान चाक खड्ड्यात बसते. सव्वाशे सीसीच्या गाड्याही पाहिल्या. त्यांची ताकद निश्चितच जास्त आहे, पण माझा हिशेब हप्त्याचा होता, आणि महाराष्ट्रात मोटारसायकलचा रोड टॅक्स ९९ सीसीपर्यंत किमतीच्या १० टक्के, तर त्यापुढे २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आहे. मुळातच जास्त असलेल्या किमतीवर आणखी एक टक्का चढतो. अखेरीस हिरोची स्प्लेंडर प्लस आणि होंडाची शाईन १०० या दोनच गाड्या यादीत राहिल्या.

या दोन गाड्यांचे मूळ एकच आहे. १९८४ मध्ये हिरो आणि होंडा एकत्र आल्या, त्यांच्या सीडी १०० या गाडीचे ९७.२ सीसीचे इंजिन १९९४ मध्ये स्प्लेंडरला मिळाले, आणि २०१० च्या डिसेंबरमध्ये दोन्ही कंपन्यांनी वेगळे व्हायचे जाहीर केल्यानंतर स्प्लेंडर हिरोकडेच राहिली. होंडाने मार्च २०२३ मध्ये शाईन १०० आणली, ती याच गिऱ्हाइकासाठी. त्यामुळे कागदावर दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. दोन्हींना चार गिअर, दोन्हींना पुढे-मागे ड्रम ब्रेक, आणि पायाचा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागावा, ही सोयही दोन्हींत आहे.

फरक कुठे आहे, हे मला माहितीपत्रकातल्या एकाच ओळीने दाखवले. दोन्ही गाड्यांचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ८.०५ न्यूटन मीटर असा अगदी सारखा छापलेला आहे. मात्र शाईनला तो इंजिनाच्या मिनिटाला ५००० फेऱ्यांवर मिळतो आणि स्प्लेंडरला ६००० फेऱ्यांवर. म्हणजे शाईनचे इंजिन कमी फेऱ्यांतच आपली सगळी ओढ देते, तर स्प्लेंडरला त्यासाठी जास्त फिरवावे लागते. उलट वरच्या वेगाला स्प्लेंडरकडे थोडी जास्त शक्ती शिल्लक असते. त्यात शाईनचे वजन ९९ किलो आणि स्प्लेंडरचे ११२ किलो. चढावर दोन माणसे घेऊन जायचे, तर तेरा किलोंचा हा फरक लहान नाही. शिवाय शाईनची सीट ६७७ मिलिमीटर लांब आहे, त्यामुळे दप्तर आणि डबे घेऊन मागे बसणारीला अवघडल्यासारखे होत नाही. आणि किंमत तर शाईनची जवळपास दहा हजारांनी कमी. इतके वाचून झाल्यावर मन शाईनकडे झुकले होते, हे उघड आहे.

चालवून पाहिल्यावर ते आणखीच झुकले. शोरूमवाले चाचणीसाठी गाडी देतात ती पोवई नाक्याच्या आसपास एक फेरी मारण्यापुरती. सपाट डांबरी रस्त्यावर शंभर सीसीची कोणतीही नवी गाडी छानच चालते. म्हणून मी माझ्या परळीच्या मावसभावाची शाईन आणि शाळेतल्या एका गुरुजींची स्प्लेंडर अशा दोन्ही गाड्या भर पावसात, धाकट्या बाईंना मागे बसवून, घाटात नेल्या. ज्या वळणावर स्प्लेंडरला दुसरा गिअर टाकावा लागला, तिथे शाईन तिसऱ्यावर, थोडी कुरकुरत का होईना, वर आली. शाळेच्या चिखलातल्या आवारात गाडी मधल्या स्टँडवर घेणे शाईनला सहज जमले. स्प्लेंडरला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. एका गोष्टीत मात्र स्प्लेंडर सरस वाटली. पठारावर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, तो वारा आडवा लागला की हलकी गाडी बाजूला सरकते आणि हात सतत सावध ठेवावे लागतात. स्प्लेंडर त्या मानाने सरळ जात होती.

निर्णय बदलला तो आमच्या गल्लीतल्या मेस्त्रींमुळे. त्यांच्याकडे या दोन्ही गाड्या दुरुस्तीला येतात. मी चढाचे सगळे वर्णन केल्यावर ते म्हणाले, "बाई, चढायला समद्याच गाड्या चढत्यात. मागं माणूस आणि वरनं पाऊस आसताना उतारावर गाडी कशी थांबतीय, ते बगा आदी." आणि त्यांनी दोन्ही गाड्यांचे मागच्या चाकातले काढून ठेवलेले जुने ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, स्टुलावर शेजारी शेजारी मांडले. स्प्लेंडरचा मागचा ड्रम १३० मिलिमीटरचा आहे, शाईनचा ११० मिलिमीटरचा. वाचताना हे वीस मिलिमीटर माझ्या डोळ्यांखालून निसटून गेले होते. स्टुलावर ती अर्धगोल लायनर, म्हणजे शूवरची घासली जाणारी अस्तरे, एकमेकांना लागून ठेवल्यावर मोठी कोणती आणि लहान कोणती, हे कोणीही सांगू शकले असते. मेस्त्रींनी लायनरवर अंगठा फिरवून दाखवला. एका शूची कड तापून काळी, काचेसारखी गुळगुळीत झाली होती. सतत ब्रेक दाबून घाट उतरणाऱ्यांच्या गाडीला असे होते, ड्रम तापतो, लायनर चकाकते आणि मग पेडल दाबले तरी गाडी पाहिजे तशी थांबत नाही, असे त्यांनी समजावून सांगितले. ड्रम लहान असेल, तर उष्णता सामावून घ्यायला आणि बाहेर टाकायला जागाही कमी मिळते.

इथे शाईनवर अन्याय होऊ नये म्हणून सांगते, की हलक्या गाडीला थांबवायला ब्रेकही कमी लागतो, आणि ९९ किलोंच्या गाडीला कंपनीने दिलेला ब्रेक एका माणसासाठी पुरेसाच आहे. माझ्या बाबतीत मात्र गाडीवर दोन बायका, दोन दप्तरे आणि परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. गाडीचे वजन तेरा किलोंनी कमी झाले, तरी वरचे वजन तेवढेच राहते. त्यानंतर मी दोन्ही गाड्या पुन्हा मागून घेतल्या आणि या वेळी फक्त उतरण्याकडे लक्ष दिले. दुसऱ्या गिअरवर दोन्ही गाड्या इंजिनाच्या आधाराने नीट उतरतात. परंतु ओल्या वळणाआधी पायाचा ब्रेक दाबल्यावर स्प्लेंडर ज्या विश्वासाने मंदावली, तो विश्वास शाईनवर मला आला नाही. तिथे पुढचा ब्रेक जास्त वापरावासा वाटत होता आणि ओल्या उतारावर, मागे माणूस असताना, तो जपून वापरावा लागतो. स्प्लेंडरची चाके १८ इंची आहेत आणि शाईनची १७ इंची. उखडलेल्या कडेवरून जाताना हा फरकही थोडाफार जाणवला. चढताना पाच मिनिटे जास्त लागली, तर शाळेची घंटा त्याने चुकत नाही. म्हणून जास्त पैसे देऊन, जास्त जड असलेली आणि चढाला थोडी कमी पडणारी स्प्लेंडरच मी नक्की केली.

नक्की करूनही लगेच घेतली नाही. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्के करण्याचा निर्णय घेतला आणि तो २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमका घटस्थापनेपासून, लागू झाला. करासह १२८ रुपयांना पडणारी वस्तू ११८ रुपयांना पडणार, म्हणजे शोरूमच्या किमतीत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास घट. रोड टॅक्सही किमतीवरच लागत असल्यामुळे तोही थोडा उतरतो. थांबणे सार्थकी लागले आणि दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी घरी आणायचे ठरले.

कोटेशनच्या बाबतीत मात्र जपून राहावे लागते. एका शोरूमने मला फक्त ऑन-रोडचा, म्हणजे कर, विमा असे सगळे धरून होणारा, एक आकडा कागदावर लिहून दिला. मी बाब-बाब वेगळी लिहून मागितली, तेव्हा त्यात हँडलिंग चार्जेस, मी न मागितलेली ॲक्सेसरीज आणि हेल्मेटचे पैसे निघाले. मोटार वाहन नियमांनुसार नव्या दुचाकीबरोबर हेल्मेट देणे बंधनकारक आहे. मागच्या बाजूचा हात धरायचा दांडा आणि साडी गार्ड हेही नियमातच आहेत, ते ॲक्सेसरीज नव्हेत. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीची उच्च सुरक्षा नंबर प्लेटही गाडीबरोबरच येते. विम्यात थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई देणारा भाग, पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो आणि ७५ ते १५० सीसीच्या गाडीसाठी त्याचा सरकारने ठरवलेला हप्ता ३,८५१ रुपये अधिक जीएसटी असा आहे, तो कुठेही सारखाच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा पडतो आणि तो शोरूमकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघात विम्याचे पैसे लावले होते, पण तेवढ्या रकमेचा माझा अपघात विमा आधीच असल्याने त्याचा कागद दाखवून ती रक्कम कमी करून घेतली. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारा जोडविमा, मी घेतले, कारण घाटात गाडी पडली तर प्लास्टिकचेच नुकसान जास्त होते. त्या शोरूमने हँडलिंगचे पैसे सोडायला नकार दिला, म्हणून मी दुसरीकडे गेले. तिथे तो आकडा मी न सांगताच वगळला.

कर्जाच्या बाबतीतही असाच हिशेब करावा. शोरूममध्ये बसलेला फायनान्सवाला १० टक्के फ्लॅट सांगत होता. ६०,००० रुपयांवर तीन वर्षांचे व्याज सरळ १८,००० होते आणि आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असलो, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० वरच मोजले जाते. घटत्या शिलकीवर मोजले, तर हाच दर १८ टक्क्यांच्या घरात जातो. मी आमच्या शिक्षकांच्या पतसंस्थेकडून ११ टक्के घटत्या दराने तेवढेच कर्ज घेतले. तीन वर्षांसाठी हप्ता १,९६५ रुपयांच्या जवळ बसला आणि एकूण व्याज पावणेअकरा हजारांच्या आत राहिले.

गाडी ताब्यात घेण्याआधी चेसिसवरचा आणि इंजिनावरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, विक्रीच्या प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना वाचला आणि किलोमीटरचा काटा पाहिला. एमएच ११ चा नंबर आल्यावर गाडीची पहिली फेरी मेस्त्रींच्या गॅरेजपर्यंतच झाली. त्यांनी ब्रेक पेडलचा ढिलेपणा माझ्या पायाला जमेल असा बसवून दिला आणि पाण्यातून गाडी गेल्यावर पुढच्या पन्नासेक पावलांत ब्रेक हलका दाबून ड्रम सुकवायची सवय लावून घ्यायला सांगितले. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय शहरात उपयोगी पडते. घाटात मात्र चढावर थांबायची वेळ आली, तर इंजिन चालूच राहावे म्हणून मी ती बटणाने बंद ठेवते. सरासरी काढायची, तर टाकी काठोकाठ भरून, चालवून, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरून काढावी. मीटरवरच्या पेट्रोलच्या काट्यावरून काढलेली सरासरी धरून चालण्यासारखी नसते.

आमच्याच केंद्रातल्या, कोरेगाव रस्त्याला राहणाऱ्या एका बाईंना आता गाडी घ्यायची आहे. त्यांची शाळा सपाटीवर आहे, मागे कोणी बसत नाही आणि जड गाडी ओढणे त्यांना अवघड जाते. त्यांना मी शाईन १०० घ्यायलाच सांगितले आहे, आणि ऑन-रोडचा नुसता आकडा न घेता, बाब-बाब लिहिलेला कागद घेऊन मग माझ्याकडे या, असेही.