सुटलेलं अस्तर

बाजाराच्या दिवशी दुपारी आजी आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी खालची कवळी माझ्या टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी घोड्याच्या नालेसारखा एक मऊ पट्टा. "डॉक्टरीणबाई, गादी सुटली बघा." आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्तच लागलं. ते सिलिकॉनचं अस्तर सात आठवड्यांपूर्वी मीच बसवलं होतं.

आजींची खालची हिरडी म्हणजे सुरीची धार. दात गेले की खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं, आणि त्यांचे दात जाऊन वीसेक वर्षं झालेली. कडक ॲक्रिलिकची कवळी त्या धारेवर टेकली की भाकरीचा घास तोंडात तसाच राहायचा. दाब वाटून घ्यायला मऊ अस्तर हवंच होतं. ॲक्रिलिकचं मऊ अस्तर कवळीला सहज धरतं, पण त्याला मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू लाळेत उतरतं आणि ते कडक होतं. सिलिकॉन जास्त काळ मऊ राहतं, पण ॲक्रिलिकशी त्याचं नातं जुळत नाही. मध्ये प्रायमर, म्हणजे दोघांना जोडणारा द्रव, लावावा लागतो, आणि सगळी भिस्त त्या पातळ थरावर असते.

कवळी दिव्याखाली धरली. पट्टा कुठे फाटला नव्हता आणि कवळीवर सिलिकॉनचा कणही उरला नव्हता. अस्तरच कमजोर असतं तर ते मधूनच फाटून दोन्हीकडे थोडं थोडं राहिलं असतं. इथे जोडानेच दगा दिला होता. जिभेकडच्या कडेला काळपट रेघ होती आणि वास येत होता. फटीत लाळ आणि अन्न शिरत राहिलं होतं. तिथे ॲक्रिलिक अजून चकचकीत होतं. मधला भाग मी बुरने, म्हणजे यंत्राच्या फिरत्या खरखरीत टोकाने, खरवडला होता, कडेपर्यंत गेलेच नव्हते. शिवाय जिभेला टोचू नये म्हणून अस्तराची कड कागदासारखी पातळ केली होती. सोलणं नेहमी अशाच कडेपासून सुरू होतं.

आजींना दोन दिवसांनी यायला सांगितलं. संध्याकाळी लॅबमध्ये टेक्निशियनदादांनी टाकाऊ कवळ्यांच्या ॲक्रिलिकच्या पट्ट्या कापून दिल्या. काही चकचकीत ठेवल्या, काही नीट खरवडल्या, काही खरवडून वर मोनोमर, म्हणजे ॲक्रिलिक ज्यापासून बनतं तो द्रव, लावून 180 सेकंद ओल्या ठेवल्या. मोनोमर ॲक्रिलिकचा वरचा थर किंचित विरघळवतो, त्यामुळे प्रायमरला आत शिरायला जागा मिळते. सगळ्यांवर प्रायमर, सिलिकॉन, आणि रात्रभर पाण्यात. सकाळी दादांनी आणि मी हाताने ओढून पाहिलं. चकचकीत पट्टीवरचं सिलिकॉन केळ्याच्या सालीसारखं निघून आलं. मोनोमर लावलेल्या पट्टीवरचं ओढता ओढता स्वतःच फाटलं, जोड तसाच राहिला. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, पण माझ्या हातांना फरक कळला.

आजी आल्या तेव्हा कवळीची आतली बाजू पूर्ण मोकळी केली. अस्तराला साधारण 2 मिलिमीटर जाडी मिळावी एवढंच ॲक्रिलिक काढलं; खालची कवळी मुळात अरुंद, जास्त कोरली तर मधोमध मोडते. कडेला मात्र पातळ उतार न देता सरळ पायरी कापली, म्हणजे सिलिकॉन तिथे पुऱ्या जाडीने संपेल. नंतर धुणं, सुकवणं, घड्याळ लावून मोनोमर, पुन्हा सुकवणं, मग प्रायमर. तो सुकेपर्यंत मी कोणाचा फोनही घेतला नाही. तयार केलेल्या पृष्ठभागाला हातमोज्याचं बोटही लागू दिलं नाही. लाळेचा एक थेंब पडला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

जाताना आजींना कडक ब्रश आणि उकळतं पाणी बंद करायला सांगितलं. "मग धुवू कशानं?" त्यांनी विचारलं. मऊ ब्रश, साधं पाणी, आणि रात्री कवळी तोंडातून काढून पाण्याच्या वाटीत.

तीन महिन्यांनी तपासताना मी प्रोब, म्हणजे तपासायची टोकदार सळई, कडेभोवती सावकाश फिरवला. सगळीकडून तो सरकत गेला. फक्त डावीकडे अगदी मागे एका ठिकाणी टोक किंचित अडलं. ती जागा मी केसपेपरवर काढून ठेवली आहे. पुढच्या महिन्यात आजी येतील तेव्हा पहिल्यांदा तीच पाहणार आहे.