तुम्ही विचारलंत म्हणून: घरी डीप फ्रायर घ्यावा का?

आमच्या ओट्यावरचा डीप फ्रायर दिसला की घरी येणारं प्रत्येक जण विचारतं, काय वहिनी, घ्यायसारखा आहे का हा, आणि त्याच दमात दुसरं, म्हणजे तेल कमी लागत असेल ना. नाही हो बाप्पा. कमी तेलाचा तो एअर फ्रायर, आत पंखा असलेला छोटा ओव्हनच तो, गरम हवेवर चालतो, त्यात भज्यांचं बेसन सोडलं तर जाळीतून खाली गळून जाईल. हा आहे डीप फ्रायर, यात तेल भरपूरच लागतं. आमच्याकडचा अडीच-तीन लिटर पोटात गेल्याशिवाय सुरूच करता येत नाही, आत कमीत कमी तेलाची खूण असते आणि तेल तिच्या खाली असलं तर तेल तापवणारी कॉईल उघडी पडते, ते धोक्याचं. कढईत आपण अर्ध्या लिटरमध्ये घरापुरते आलुबोंडे काढून मोकळे होतो. म्हणून मी उत्तर द्यायच्या आधी उलटं विचारते, घरी खाणारी माणसं किती, आणि एकदा तळण झालं की परत कधी?

तिघांचं घर आणि पाऊस आला की भजे, एवढंच असेल तर नका घेऊ. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, दिवाळीचा फराळ दोन्ही जावांचा आणि माझा एकत्र होतो, उन्हाळ्यात नणंदांची पोरं येतात आणि संध्याकाळ झाली की सगळ्यांना काहीतरी कुरकुरीत पाहिजे. अशा घरात फ्रायर वसूल होतो. आणि मे महिन्याचं एक कारण तर फक्त नागपूरवाल्यालाच कळेल. बाहेर ४५ डिग्री, गॅसवर तळायचं म्हटलं की आधी पंखा बंद करा, कूलरचं तोंड तिकडं फिरवा, नाहीतर आच हलते, मग घामाच्या धारा लावून कढईसमोर उभं राहा. फ्रायरला ज्योतच नाही, पंखा चालू ठेवून तळता येतं. मला विचाराल तर अर्धे पैसे इथेच फिटले.

उरलेले अर्धे थर्मोस्टॅटचे, म्हणजे तेल लावलेल्या डिग्रीवरच धरून ठेवणाऱ्या बटणाचे. तळण्यात सगळा खेळ तेल किती तापलंय याचा आहे, आणि आपण तो अंदाजानं खेळतो, बेसनाचा थेंब टाकून बघतो, वर आला की झालं. पहिल्या घाण्याला हा अंदाज चालतो, पाचव्या घाण्याला गडबड होते कारण मध्ये कोणीतरी गॅस मोठा केलेला असतो. सांबारवडीचं घ्या. (बाहेरच्यांसाठी, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर.) बेसन-मैद्याची पारी, आत चिंचेचं पाणी लावून सांबार, खसखस, खोबऱ्याचा मसाला, मग पाकिटासारखी घडी. तेल जास्त तापलेलं असलं तर पारीवर लगेच फोड येतात, रंग सुंदर येतो, आणि खाली ताटात काढल्यावर दहा मिनिटांत वडी मऊ पडते, कारण घडीच्या आतला थर कच्चाच राहिला. मी १६० वर लावते आणि सोडून देते. सुरुवातीला तेलात नुसता बारीक बुडबुड्यांचा खळखळाट असतो, हळूहळू तो आवाज विरळ होत जातो, आणि वडी सराट्यानं टोकरली की टकटक वाजते, तेव्हा काढायची. दिवा विझतो-लागतो, विझतो-लागतो, तेवढ्या वेळात मी पुढच्या वड्या भरून घेते. आलुबोंड्याला १७५-१८०, आतला आलू आधीच शिजलेला, बाहेरचं बेसन तेवढं पटकन धरायला हवं. शंकरपाळे, करंज्या १५०-१६० वर, घाई केली की वरून लाल आतून पिठूळ.

ते बुडबुडे म्हणजे पदार्थातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं, आणि वाफ बाहेर येते आहे तोवर तेलाला आत शिरायला जागाच नाही. तेल थंड असलं की वाफेचा जोर कमी, पारी धरायला वेळ, म्हणून तेलकट. पण खरी गोष्ट पुढेच आहे, पदार्थ बाहेर काढल्यावर तो थंड होतो, आतली वाफ विरते आणि वरचं चिकटलेलं तेल आत ओढलं जातं, बरंचसं तेल तिथे जातं. म्हणून फ्रायरची जाळीची टोपली वर उचलली की तिथेच लटकवून नीट झटकायची, गरम असतानाच. आणि झाकण लावून तळू नका, घरात वास पसरत नाही हे खरं पण वाफ परत त्याच्यावरच पडते आणि कुरकुरीतपणा जातो.

आता काय जमत नाही ते. भजे टोपलीत टाकले की बेसन जाळीला असं चिकटतं की काढताना अर्धं भजं जाळीतच. टोपली आधी तेलात बुडवा, मग वरून एकेक अलगद सोडा, किंवा सरळ टोपली काढून ठेवा आणि झाऱ्यानंच काढा. पुरीचा तर प्रश्नच नको, तिला झाऱ्यानं दाबायचं, उलटवायचं, ते कढईच्या गोलव्यातच होतं. कुरोड्या टाकल्या की फुलून जाळीत अडकून चुरा. आणि वडाभाताचं काय? चार डाळींच्या भरड्याचे वडे फ्रायरमध्ये छान होतात, पण भातावर वडे कुस्करल्यावर जे लाल मिरचीच्या फोडणीचं गरम तेल पाहिजे ते फ्रायर देणार आहे का, शेवटी एक कढई चढतेच. सासूबाई तर महालक्ष्म्यांच्या नैवेद्याचं तळण प्लगवाल्या मशीनवर करूच देत नाहीत, नैवेद्याचे वडे सोवळ्यात कढईत आणि पंगतीचे माझ्याकडे, असं आमचं ठरून गेलंय.

तेलाचं बोला, खरी कटकट तीच आहे. हल्ली सगळीकडे लाकडी घाण्याचं फल्लीतेल (शेंगदाण्याचं) आणायची हौस आहे, भाजीला, चटणीला उत्तमच, पण रिफाइंड न केलेलं तेल साधारण १६० डिग्रीलाच धूर सोडायला लागतं, रिफाइंड फल्लीतेल २३० च्या आसपास. म्हणजे १८० वर तळायचं तर महागाचं तेल जाळण्यात काय अर्थ. जवसाचं तर बिलकुल नाही, ते १०७-१०८ लाच धुरतं. तळण झालं की तेल पूर्ण निवू द्यायचं, पातळ कापडातून गाळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, उजेडापासून लांब. फ्रायरचा इथे एक फायदा आहे, ज्यात कॉईल तेलातच बुडालेली असते त्यात कॉईलच्या खालचं तेल वरच्यापेक्षा थंड राहतं, बेसनाचे कण खाली जाऊन बसतात आणि जळत नाहीत. कढईत तळ सगळ्यात गरम, कण तिथेच जळतात आणि चौथ्या घाण्याला तेल काळं. पण म्हणून तेच तेल महिनाभर चालवायचं असं नाही. हॉटेल-फरसाणवाल्यांसाठी एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १ जुलै २०१८ पासूनचा नियम आहे, तेलात पोलर कंपाउंड, म्हणजे तेल परत परत तापवलं की त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. ते मोजायचं मीटर आपल्याकडे कुठे, आपण नाकाडोळ्यांनीच बघतो, तेल घट्ट झालं, तळताना फेस बसेना, नेहमीपेक्षा आधीच धूर आला, तर ओता बाहेर. ओता म्हणजे सिंकमध्ये नाही, पाइप तुंबतो. जुन्या पेपरमध्ये किंवा भुशात जिरवून कचऱ्यात. थोडंच तापलेलं, चांगलं तेल असेल तर दोन दिवसांत भाजीला संपवते, परत तळायला घेत नाही. आता तुम्हीच बघा, तीन लिटरपैकी भाजीला किती जाईल. लहान घराला मी नको म्हणते ते यासाठीच.

एवढं ऐकूनही घ्यायचाच असेल तर आधी भिंतीकडे बघा. २००० वॉटचा फ्रायर साडेआठ-नऊ अँपिअर ओढतो, टीव्ही-मोबाइलच्या छोट्या सॉकेटवर किंवा एक्स्टेंशन बोर्डवर लावायचा नाही, गिझर लागतो तो मोठा पॉवर प्लग पाहिजे. विजेच्या बिलाचं फार घेऊन बसू नका, सतत चालला तरी अर्ध्या तासाला एक युनिट, आणि तो सतत चालत नाही. तेलाचं भांडं सुटं होणारं घ्या, नाहीतर धुताना रडाल. वायर पोरांच्या हाताला लागेल अशी लोंबू देऊ नका, आणि कधी तेलानं पेट घेतलाच तर मेन स्विच बंद, वरून झाकण, पाणी अजिबात नाही, पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल अंगावर उडवतं.

आणि पोरांच्या फ्रेंच फ्राइजबद्दल तर सगळ्याच विचारतात, आमचे लालभडक का होतात म्हणून. उन्हाळ्यात आलू कोंब धरतात म्हणून आपण फ्रिजमध्ये टाकतो ना, तिथे त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ती तेलात लगेच करपते. आलू बाहेरच ठेवा, अंधाऱ्या हवेशीर टोपलीत, थोडेथोडेच आणा. कापून पाण्यात ठेवा, कोरडे पुसा, एकदा १५० वर पांढरेच काढा, गार करा, मग १८० वर दुसऱ्यांदा. मीठ वरून, तेलात कधीच नाही.