बागेतला न झाडलेला कोपरा

चौथीच्या परिसर अभ्यासाला घरून लिहून आणायला सांगितलं होतं: तुमच्या परिसरातल्या पाच झाडांची नावं. आमची सोसायटी आणि मागची वस्ती मिळून अकरा मुलं माझ्याकडे वह्या घेऊन बसतात. अकराही वह्यांत तेच. आंबा, वड, पिंपळ, कडुलिंब, नारळ. आमच्या आसपास नारळाचं एकही झाड नाही. वड आहे तो थेट स्टँडजवळ. आणि चार मिनिटांवर पालिकेची बाग आहे, तिथे करंज, तामण, बहावा, सप्तपर्णी सगळे वर्षानुवर्षं उभे आहेत, त्यांची दखल कोणीच घेतली नव्हती. म्हटलं, दर रविवारी आठ ते दहा बागेतच बसू. त्यात काय एवढं!

पहिल्याच रविवारी वॉचमनमामांची शिट्टी. "मॅडम, गवतावर बसायचं न्हाई. बोर्ड वाचा की." मी म्हटलं, बरं, खाली पडलेली पानं तरी गोळा करू दे. तर म्हणाले, "ती कशाला? आत्ता झाडून जाळीत भरणारच हाय. पोरांना खेळायचं तर तिकडं घसरगुंडी हाय." त्यांचं चुकत नव्हतं. बाग म्हणजे कडेने चालायचं आणि मधल्या हिरवळीकडे लांबून बघायचं, अशीच ती आखलेली आहे.

मग अर्ज. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पालिकेच्या उद्यान खात्याशी आता कुठे जमायला लागलंय. अर्ज आवक-जावकला दिलात की पोच घ्याच. दुसऱ्या खेपेला माझा अर्ज सापडत नव्हता, शिक्क्याच्या झेरॉक्सवर निभावलं. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "हे शिबिर आहे, कार्यक्रम आहे की वर्ग?" शिबिराला नोंदणीकृत संस्था हवी. कार्यक्रमाला दिवसाचं भाडं आणि वर अनामत. वर्गाला परवानगीच नाही, नाहीतर उद्या ट्यूशनवाले बाकडी टाकतील म्हणे. रोज सकाळी तिथे योगवाले तीस-चाळीस सतरंज्या अंथरतात, ते यातल्या कशात बसतात हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. गिळला.

तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. तोवर बागेतल्या बुंध्यांवरचे रंगवलेले आकडे माझ्या डोक्यात घोळत होते. शहरातल्या झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा १९७५ चा. त्यानुसार दर पाच वर्षांनी झाडांची गणना व्हायला हवी. निम्मे आकडे पुसले होते, नव्या झाडांवर तर नव्हतेच. मी म्हटलं, "साहेब, मुलं या बागेतल्या प्रत्येक झाडाचं नाव आणि घेर लिहून तुम्हाला यादी देतील." साहेब पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. "घेर कुठे मोजतात, माहितीये?" "छातीच्या उंचीला, जमिनीपासून साडेचार फुटांवर." तिथून फाइल हलली. तरी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र लागलंच (शंभरचा आता चालत नाही), शिवाय प्रत्येक पालकाची सही. अडीच महिन्यांनी सहा महिन्यांची परवानगी हातात पडली.

छातीची उंची ही साहेबांची छाती धरून ठरलेली. आमच्या चौथीवाल्यांच्या ती डोक्यावरून जाते. एक जण टाचा उंचावून टेप धरायचा, दुसरा खाली उभा राहून ओरडायचा, "वाकडी झाली, वाकडी झाली!" यादीत एकशे बारा झाडं झाली. वस्तीतल्या एका मुलाने करंजाच्या शेंगा पटकन ओळखल्या, त्याची आजी तेलासाठी गोळा करायची. त्या दिवसापासून नावं विचारायला मुलं माझ्याकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त जायला लागली. त्याला शाळेत कोणी काही विचारल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

खरी अडचण नंतर कळली. बाग इतकी स्वच्छ की बघायला काही उरतच नव्हतं. कुजलेलं पान नाही, वाळकी फांदी नाही, किडा दिसला की फवारणी. कुंपणाजवळच्या लिंबाच्या झुडपावर सोबत येणाऱ्या सातवीतल्या एका मुलीला पक्ष्याची शीट दिसली. काळपट, पांढरा पट्टा असलेली. ती शीटच चालायला लागली. लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी मुद्दाम तशीच दिसते, पाखरांनी खाऊ नये म्हणून. पुढच्या रविवारी ती हिरवीगार आणि करंगळीएवढी. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर आली आणि उग्र, आंबूस वास सुटला. सगळ्यांनी नाकं दाबली, मग सगळ्यांनी पुन्हा वास घेतला. त्याच्या पुढच्या रविवारी झुडूप फवारलेलं होतं आणि अळी नव्हती.

माळीमामांशी मी जरा चढ्या आवाजात बोलले, त्याचं अजून वाईट वाटतं. ते म्हणाले, "कोपरा घाण दिसला तर बोलणी मला खावी लागत्यात, तुम्हाला न्हाई." बरोबर होतं. मग खतखड्ड्यामागची वीस बाय पंधरा फुटांची जागा मागून घेतली. मुलांनी पत्र्यावर रंगवलं, 'अभ्यास कोपरा: झाडू नये, फवारू नये', आणि खाली साहेबांची सही घेतली. ती सही माळीमामांसाठी होती.

पावसाळ्यात त्या कोपऱ्यात गोगलगाई आल्या, वाळवी आली, कढीपत्त्यावर पुन्हा अळ्या आल्या. एका कोषातून फुलपाखरू निघालं. मुलांना ते राणी पाकोळी, म्हणजे ब्ल्यू मॉर्मन हवं होतं, २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू. निघालं काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचं साधं लाइम बटरफ्लाय. दोन मिनिटं हिरमोड, मग पंख वाळेपर्यंत तासभर कोणी हललं नाही. दहा वाजून गेले, घरून फोन यायला लागले.

परवानगी गेल्या महिन्यात संपली. नूतनीकरणाला साहेबांनी झुडपांचीही यादी मागितली आहे. माळीमामा हल्ली फिरायला येणाऱ्यांना परस्पर सांगतात, "तिकडं पाय ठेवू नका, अळ्या हायत." स्वच्छतागृहाच्या किल्लीचं मात्र अजून जमलेलं नाही. रविवारी ती ज्यांच्याकडे असते ते साडेनऊला येतात, आणि मोठ्या मुली त्यामुळे घरून पाणी न पिता येतात. त्यासाठी वेगळा अर्ज दिलाय. पोच घेतली आहे.