गौताळ्याच्या वाटेवरची रुई

भाद्रपदातल्या शनिवारी मावशीला घेऊन कन्नडहून गौताळ्याकडे निघाले. पितळखोऱ्याची लेणी बघायची होती. त्यांच्यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते वाटेतल्या एका रुईबद्दल.

मारुतीच्या माळेसाठी मावशी पानं तोडत होती. एक पान तिनं उलटं केलं आणि मी ओरडलेच, "मावशी, ते राहू दे!"

"का गं?"

पानाखाली बोटाच्या पेराएवढा, फिकट हिरवा कोश उलटा टांगलेला होता. प्लेन टायगर या फुलपाखराचा. वर शेंड्याशी मादी घिरट्या घालत होती: नारिंगी पंख, काळी किनार, त्यात पांढरे ठिपके. उडणं अगदी निवांत. रुईच्या चिकातलं विष सुरवंटपणीच अंगात मुरलेलं असतं, त्यामुळे पक्षी सहसा वाटेला जात नाहीत. ती पानावर टेकली तेव्हा चारच पाय दिसले. पुढचे दोन इतके आखूड की चालायला उपयोगाचे नाहीत. पानाच्या खालच्या बाजूला एकच अंडं चिकटवून ती निघून गेली. पुढचं सगळं त्या अंड्यातल्या जिवानं एकट्यानं करायचं.

रुईच्या बुंध्याशी काळ्या मुंगळ्यांचं बीळ होतं. रात्रीच्या पावसाचं पाणी आत शिरलं असावं, कारण मुंगळे जबड्यात पिवळट पुडक्या धरून वर धावत होते. लोक त्यांना मुंग्यांची अंडी म्हणतात, पण ते कोश असतात, रेशमाचे. इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं: ऐटबाज फुलपाखराचा कोश उघडा, रेशीम फक्त लटकण्यापुरतं, आणि मुंगळ्याचं पोर मात्र रेशमात गुंडाळलेलं, वर उचलून न्यायला बहिणी. मुंगळ्याच्या अळीला पायही नसतात, घास बहिणीच भरवतात.

मला सगळ्यात भिडते ती त्यांची राणी. तिलाही पंख असतात. मिलनाच्या उड्डाणानंतर ती ते झडवून टाकते, जमिनीत स्वतःला कोंडून घेते आणि तोंडात दाणा न घालता पहिली पिलावळ वाढवते. उडण्याचे स्नायू विरघळतात, त्यांच्यावरच लेकरं पोसली जातात. हे सांगितलं तशी मावशी खाली बसली, कितीतरी वेळ बिळाकडे बघत राहिली.

"आई गं," एवढंच म्हणाली.

माळेला अकरा पानं हवी होती. दहा झाली होती. अकरावं आम्ही पुढच्या झुडपावरून घेतलं, खालून नीट बघून.